देवगिरीचा राज्यपालट व अम्मणदेवाचा प्रश्न : साधनांची फेरतपासणी

देवगिरीच्या यादवांचा इतिहास सांगताना इ. स. १२७१ मधील राज्यपालट आणि इ. स. १२९६ मधील अलाउद्दीनाची स्वारी या दोन घटना कार्यकारणभावाने एकमेकींस जोडण्याची रीत मराठी इतिहासलेखनात वारंवार दिसून येते. रामचंद्रदेवाने आपल्या चुलतभावाचे राज्य हिरावून घेतले, घरभेदाने राज्य पोखरले गेले आणि पंचवीस वर्षांनी परचक्र आले तेव्हा त्यास तोंड देण्याचे सामर्थ्य देवगिरीच्या ठायी उरले नव्हते, असा या उपपत्तीचा सारांश आहे. तिच्याच जोडीला दुसरी एक उपपत्ती नांदते : रामचंद्र हाच खरा वारस होता, अम्मण हा विलासी व नादान होता आणि जे घडले ते न्याय्यच घडले. एकच ग्रंथकार कित्येकदा ही दोन्ही विधाने चार पानांच्या अंतराने करतो. राज्यपालट न्याय्य होता व त्यानेच राज्य बुडाले, असे म्हणण्यात तर्कदृष्ट्या विसंगती नाही, हे खरे. परंतु या दोहोंपैकी कोणते विधान साधनांवर उभे आहे आणि कोणते केवळ कथेच्या सोयीसाठी आले आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम वारसाहक्काचा विचार करू. पाचव्या भिल्लमाने इ. स. ११८७ च्या सुमारास देवगिरी येथे राजधानी केली. त्याच्यामागून त्याचा पुत्र जैतुगी आणि जैतुगीमागून त्याचा पुत्र सिंघण गादीवर आला. सिंघणाच्या दीर्घ कारकीर्दीत त्याचा पुत्र जैतुगी हा पित्यापूर्वीच निवर्तला. सबब सिंघणाच्या पश्चात, इ. स. १२४६-४७ च्या सुमारास, राज्य नातू कृष्ण याजकडे गेले. येथपर्यंत क्रम सरळ आहे. कृष्णाच्या मृत्यूनंतर मात्र, इ. स. १२६१ च्या सुमारास, राज्य पुत्र रामचंद्राकडे न जाता धाकटा भाऊ महादेव याजकडे गेले. रामचंद्र त्या वेळी अल्पवयी असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे व तो स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही. कृष्णाच्या हयातीतच महादेव युवराज म्हणून कारभारात वागत होता. तेव्हा भावाने भावामागून राज्य घेणे यात त्या काळच्या कोणास काही वावगे वाटले असेल असे दिसत नाही.

परंतु भावाकडून भावाकडे गेलेले राज्य पुढच्या पिढीत कोणाकडे जावे, हा प्रश्न अशा व्यवस्थेत अंगभूतच असतो. वडील शाखेकडे ते परत जावे, की ज्याच्या हाती आले त्याच्या पुत्राकडे राहावे? पहिल्या पक्षी रामचंद्र वारस, दुसऱ्या पक्षी महादेवपुत्र अम्मण. यादव घराण्याच्या देवगिरीच्या कालखंडात या प्रश्नाचा निकाल करणारा एकही पूर्वदाखला नव्हता. म्हणून ‘खरा वारस’ हा शब्दप्रयोग येथे जपून वापरावयास हवा. ज्येष्ठ पुत्रालाच राज्य, हा पुढील काळात रूढ झालेला दंडक तेराव्या शतकातील देवगिरीवर लादून निवाडा करणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न नंतर विचारणे होय.

मराठी वाचकास हा पेच अपरिचित नाही. इ. स. १७०७ मध्ये संभाजीपुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला, तेव्हा राजारामाच्या पश्चात त्याचा पुत्र शिवाजी याच्या नावे ताराबाई राज्य चालवीत होती. थोरल्या भावाचा मुलगा व धाकट्या भावाचा मुलगा हाच तो वाद. तेथेही धर्मशास्त्राच्या वचनाने नव्हे, तर सेनापती धनाजी जाधवाने खेडच्या लढाईत कोणाची बाजू धरली यावरून निकाल लागला. (सिंदखेडचे जाधव आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा खरा, त्यावरून काही सिद्ध होत नाही.) मात्र या दोन प्रसंगांतील एक भेद महत्त्वाचा आहे. मराठ्यांच्या वादातून सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या व इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहाने त्या कायम झाल्या. देवगिरीस दुसरी गादी झाली नाही. पराभूत शाखा तेथे संपली. या भेदाचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

आता साधनांकडे वळू. राज्यपालटास सर्वांत निकटचा पुरावा म्हणजे शके ११९३ (इ. स. १२७१-७२) चा पैठणचा ताम्रपट. तो रामचंद्राच्या कारकीर्दीच्या अगदी आरंभीचा आहे. त्यात महादेवाच्या पुत्राचे, म्हणजे आमण अथवा अम्मण याचे, नाव येते आणि रामचंद्राने त्याजकडून राज्य बळाने घेतले असे सांगितले आहे. या लहानशा उल्लेखाचे मोल फार मोठे आहे. घटनेस वर्षही उलटले नसताना विजयी राजाच्याच कार्यालयातून निघालेल्या शासनात ती लपविलेली नाही. उलट वंशावळीच्या ओघात तिचा उच्चार केला आहे. राजप्रशस्तीत बळाचा उल्लेख हे दूषण नसून भूषण असते. आपण राज्य पराक्रमाने मिळविले, हे सांगण्यात रामचंद्राच्या दरबारास संकोच वाटला नाही, एवढे यावरून निश्चित होते. पुढील काळातील लेखक ज्या गोष्टीचे समर्थन करण्यासाठी धडपडतात, तिचे समर्थन करण्याची गरज खुद्द रामचंद्राच्या लेखकास वाटलेली दिसत नाही.

दुसरे साधन पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट. बीड जिल्ह्यात गोदाकाठी सापडलेला हा पट शके १२३२ (इ. स. १३१०) चा असून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादित केला आहे. हा पट आणि महानुभाव वाङ्मयातील उल्लेख यांवरून अभ्यासकांनी जी हकीकत जुळविली आहे ती सर्वश्रुत आहे : अम्मण तरुण असून नृत्यगीताचा शौकीन होता, रामचंद्र नटनर्तकांच्या मेळ्याचा नायक बनून आपल्या साथीदारांसह दुर्गात शिरला, खेळ रंगात आला असता या मंडळींनी वेष टाकून शस्त्रे उपसली व राजास पकडले. नंतर अम्मणाचे डोळे काढण्यात आले, असे परंपरा सांगते.

ही कथा खोटी म्हणून टाकून द्यावी असे नाही. देवगिरीचा किल्ला ज्याने पाहिला आहे, त्यास तो सैन्याने चढून घेण्यासारखा नाही हे सांगावे लागत नाही. कातीव कडा व एकच वाट असलेल्या दुर्गात वेषांतराखेरीज शिरकाव होणे कठीणच. परंतु कथेतील घटना व कथेतील स्वभावचित्र या दोन गोष्टी वेगळ्या काढावयास हव्यात. घटना संभवनीय आहे. अम्मणाची नादानी मात्र तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. गाणे व नाच पाहणारा राजा म्हणून तो राज्यास अपात्र, हा युक्तिवाद निदान देवगिरीच्या दरबारात तरी चालण्यासारखा नव्हता. याच दरबारात सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि हा शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाच्या, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तराच्या कामाशी निगडित होता. त्याचा पिता सोढल यानेही यादवांच्या सेवेत तेच काम केले. ज्या घराण्यात जमाखर्च पाहणारा अधिकारी संगीतशास्त्रावर प्रमाणग्रंथ लिहितो, तेथे नृत्यगीताची आवड ही नालायकीची खूण कशी ठरते? ती दरबारी रीतच होती. अम्मणाच्या अंगी ती व्यसन म्हणून चिकटली, याचे कारण इतकेच की तो हरला.

पुरुषोत्तमपुरीच्या पटाविषयी आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. तो कोरला गेला तेव्हा राज्यपालटास ३९ वर्षे होऊन गेली होती. रामचंद्र इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीनास शरण गेलेला होता, इ. स. १३०७ मध्ये मलिक काफूरने त्यास दिल्लीस नेले होते आणि तेथून तो ‘रायरायान’ हा किताब घेऊन परतला होता. पटात यांपैकी कशाचीही छाया नाही. तेथे रामचंद्र दिग्विजयी आहे. वज्राकर व भांडागार येथील राजांना, म्हणजे आजच्या वैरागड व भंडारा या प्रदेशांच्या अधिपतींना, त्याने नमविले आहे. वाराणसी म्लेच्छांपासून सोडविली आहे. वाराणसीच्या मोहिमेमागे काही तथ्यांश असू शकेल. तो वादाचा विषय आहे. परंतु ज्या शासनात नुकत्याच घडलेल्या मानहानीविषयी पूर्ण मौन आहे, त्याच शासनाच्या लेखकाने चार दशकांपूर्वीच्या साहसाकडे वळावे, हे समजण्यासारखे आहे. मांडलिक झालेल्या वृद्ध राजाच्या पदरी सांगण्याजोगे जे होते, ते तारुण्यातले होते.

हेमाद्रीचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड निबंधग्रंथ महादेवाच्या कारकीर्दीत रचला गेला आणि त्यातील व्रतखंडाच्या आरंभीची राजप्रशस्ती ही यादवांच्या इतिहासाचे एक मूलसाधन होय, डॉ. रा. गो. भांडारकर यांनी आपल्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासास ती जोडून तिचे महत्त्व प्रथम प्रस्थापित केले. महादेवाने कोकणच्या सोमेश्वराचा समुद्रावर केलेला पराभव व काकतीय राणी रुद्रमांबेस स्त्री म्हणून दिलेले अभय यांचे वर्णन हेमाद्री मोठ्या उत्साहाने करतो. या राजाचा तो श्रीकरणाधिप होता. आता शके ११९४ (इ. स. १२७२) चा ठाण्याचा ताम्रपट पाहावा. त्यात हेमाद्री रामचंद्राचा अधिकारी म्हणून येतो. समस्त करणांचे आधिपत्य त्याजकडेच आहे व त्यात हत्तिदळाच्या अधिकाराची भर पडली आहे. झाडीमंडळ जिंकल्याचे श्रेयही त्यास दिले आहे. ज्याचे गुणगान केले त्या महादेवाच्या पुत्राला पदच्युत करणाऱ्या राजाच्या सेवेत तो अधिक मोठ्या मानाने दाखल झालेला आहे. अष्टांगहृदयावरील आपल्या ‘आयुर्वेदरसायन’ या टीकेत तो रामराजाचाच आश्रय सांगतो.

यावरून हेमाद्री कटात सामील होता, असे काही विद्वानांनी मानले आहे. ते संभवनीय आहे. परंतु ठाण्याच्या पटावरून सिद्ध होते ते याहून थोडे कमी आणि इतिहासदृष्ट्या याहून अधिक महत्त्वाचे आहे. राजा बदलला, दप्तर बदलले नाही. महादेवाचा सेनानी टिक्कम हाही रामचंद्राच्या बाजूस दिसतो. म्हणजे अम्मणाचा पराभव भावकीने केला नसून त्याच्या पित्याच्या अधिकाऱ्यांनी त्याची बाजू सोडली, म्हणून झाला. देवगिरीचे राज्य कोणाचे, हे त्या वर्षी श्रीकरणात व सैन्यात ठरले. वंशवृक्षात ठरले नाही.

महानुभाव ग्रंथांतून या काळाचे जे चित्र येते, ते दरबारी साधनांस छेद देणारे असल्यामुळे मोलाचे आहे. परंतु त्यासही स्वतःचा पक्ष आहे. श्रीचक्रधरांच्या छळामागे हेमाद्रीचा हात होता, अशी पंथाची दृढ श्रद्धा असल्याने त्या ग्रंथांतील हेमाद्री हा क्रूर कारस्थानीच असणार. ताम्रपटातील हेमाद्री व महानुभावांचा हेमाद्री यांतून मध्यममान काढून ‘खरा’ हेमाद्री मिळेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. राज्यपालटाच्या हकीकतीपुरते एवढे म्हणता येईल की, अम्मणाच्या अंधत्वाची आठवण ज्यांना दरबाराची मर्जी राखावयाची नव्हती, त्यांनी जतन केली; आणि म्हणूनच ती विश्वसनीय वाटते.

राज्य पोखरले गेले, या विधानाकडे आता यावे. इ. स. १२७१ ते १२९६ या काळातील घटनाक्रम त्यास अनुकूल नाही. राज्यपालटानंतर अवघ्या चार-पाच वर्षांत, इ. स. १२७५-७६ मध्ये, टिक्कमाच्या नेतृत्वाखाली यादवसेना होयसळांच्या द्वारसमुद्रापर्यंत गेली. राजधानी हाती आली नाही हे खरे. पण घरभेदाने खिळखिळे झालेले राज्य एवढ्या दूरची मोहीम काढीत नाही. माळवा व गुजरात यांवरील स्वाऱ्या, पूर्वेस झाडीमंडळापर्यंतचा विस्तार, कोकणावर नेमलेले अधिकारी, ही सर्व लक्षणे चालत्या राज्याची आहेत. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ग्रंथाच्या शेवटी रामचंद्राचा उल्लेख न्यायाने राज्य करणारा राजा म्हणून आला आहे. भावकीच्या वैराची कुजबुज त्या काळच्या लोकजीवनात कोठे ऐकू येत नाही.

इ. स. १२९६ च्या पराभवाची कारणे निराळी व अधिक साधी आहेत. अलाउद्दीन एलिचपूरवरून वेगाने आला. लाजौऱ्याच्या घाटात, म्हणजे बहुधा आजच्या लासूरजवळ, त्यास कान्हा नावाच्या स्थानिक सरदाराने अडविले. दोन शूर स्त्रियाही त्या लढाईत होत्या, असे इसामी सांगतो. त्याने आपला ग्रंथ इ. स. १३५० च्या सुमारास दौलताबाद येथेच राहून लिहिला, हे ध्यानात घेता स्थानिक आठवणी त्याच्या कानी आल्या असाव्यात. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. बरनी अलाउद्दीनाचे घोडदळ तीन-चार हजार व पायदळ दोन हजार सांगतो; सुमारे अडीचशे वर्षांनी लिहिणारा फिरिश्ता ते आठ हजार स्वारांवर नेतो. किल्ल्यात धान्य समजून मिठाची पोती भरली गेली, ही फिरिश्त्याची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ती इतकी चांगली आहे की तिच्याविषयी संशय बाळगणेच बरे. यांपैकी कोणत्याही कारणाचा धागा अम्मणापर्यंत पोचत नाही. कोणी यादव राजपुत्र शत्रूस जाऊन मिळाला, कोण्या सरदाराने जुने वैर काढून वाट दाखविली, असे एकही समकालीन लेखक म्हणत नाही. फितुरीची गोष्ट हाती असती तर ती सांगावयास ते चुकते ना.

तुलनेसाठी पांड्यांचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे इ. स. १३१० च्या सुमारास कुलशेखराचा वध होऊन सुंदर व वीर या दोघा भावांत युद्ध जुंपले आणि पुढच्याच वर्षी मलिक काफूर दक्षिणेत उतरला. वारसाकलह व परचक्र यांचा संबंध तेथे महिन्यांनी मोजता येतो. देवगिरीत त्या दोहोंत पाव शतक गेले आहे, आणि हे पाव शतक स्वस्थतेचे नव्हे तर विस्ताराचे होते.

किंबहुना इ. स. १२९६ मध्ये वारसाकलहाचा संबंध लावावयाचाच असेल, तर तो देवगिरीच्या नव्हे, दिल्लीच्या कलहाशी लावावा लागतो. अलाउद्दीन हा सुलतान जलालुद्दीनाचा पुतण्या व जावई. देवगिरीची लूट घेऊन तो कड्यास परतला आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात चुलत्याचा वध करून सुलतान झाला. दिल्लीकडे जाताना मुक्कामोमुक्कामी लोकांवर यंत्रातून सोने उधळले गेले, असे बरनी लिहितो. ते सोने कोठले, हे सांगावयास नको. यादवांच्या खजिन्याने दिल्लीच्या गादीचा वाद मिटविला.

मग इ. स. १२७१ च्या घटनेचा काहीच परिणाम झाला नाही काय? झाला, पण तो शोधावयाचा तर १२९६ कडे नव्हे, १३११ नंतरच्या वर्षांकडे पाहिले पाहिजे. कृष्णाच्या मृत्यूनंतर राज्य सावरले, कारण एका शाखेत कर्ता पुरुष नव्हता तेव्हा दुसऱ्या शाखेत तो होता. घराण्याची ही राखीव फळी होती. अम्मणाबरोबर महादेवाची शाखा राजकारणातून नाहीशी झाली व राज्य एकाच माणसाच्या आयुष्यावर आणि त्याच्या पुत्रावर टेकले. रामचंद्र इ. स. १३११ च्या सुमारास वारला. शंकरदेवाने दिल्लीचे मांडलिकत्व झुगारले आणि इ. स. १३१३ मध्ये मलिक काफूरने त्यास ठार मारून देवगिरीतच ठाण मांडले. अलाउद्दीनाच्या अखेरच्या आजारात काफूर परत गेला, तेव्हा, म्हणजे इ. स. १३१५-१६ मध्ये, दिल्ली पुन्हा वारसाच्या भानगडीत गुंतली होती. देवगिरीस मोकळे होण्याची अशी संधी पुन्हा आली नाही. त्या वेळी पुढे आला तो हरपाळदेव, रामचंद्राचा जावई. कृष्ण-महादेवांच्या घराण्याचा झेंडा जावयास उचलावा लागला, हा तपशील इतिहासकारांनी बहुधा हरपाळाच्या शौर्याच्या वर्णनात ओघाने सांगितला आहे. त्याचा अर्थ अधिक खोल आहे. चुलतघराणे जिवंत असते तर राज्य वाचले असते, असे म्हणावयाचे नाही. परंतु ज्या क्षणी दिल्लीचा हात सैल होता, त्या क्षणी जुन्या अधिकाऱ्यांना एकत्र बांधील असा यादव पुरुष देवगिरीत नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. इ. स. १२७१ मध्ये ज्या दप्तराने व सैन्याने राजा निवडला होता, ते दप्तर व ते सैन्यही तोवर दिल्लीच्या मोहिमांना रसद पुरविण्यात खर्ची पडले होते. द्वारसमुद्राच्या वाटेवर काफूरास मदत करणारा परशुराम दळवी हा रामचंद्राचाच अधिकारी होता.

इ. स. १३१८ मध्ये मुबारकशहा खलजी स्वतः दक्षिणेत आला. हरपाळदेव पकडला गेला व त्यास हालहाल करून मारण्यात आले. त्याच सुमारास देवगिरीच्या पायथ्याशी जुन्या देवळांचे खांब वापरून मशीद उभी राहिली. ती आजही तेथे आहे. तिच्या खांबांवरील कोरीव काम यादवकालीन शिल्पाच्या अभ्यासकांनी तपासण्यासारखे आहे.